६४१ नेमका कुठून आला?

३, ७, ११, १३ यांनी भाग जात नाही म्हणून ४२९४९६७२९७, म्हणजेच २^३२ + १, मूळ संख्या असावी असे कुणालाही वाटू शकते. फर्मा या गणितज्ञानेही ती मूळच मानली होती. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिचे ६४१ × ६७००४१७ असे अवयव दाखवले. तिचा प्रत्येक मूळ अवयव ६४क + १ (क ही कोणतीही पूर्ण संख्या) याच रूपाचा असतो, त्यामुळे लहान संख्यांनी तपासणे व्यर्थ आहे. खानापुरात मुलांना शिकवताना मी भागाकार टाळतो, कारण खरे सौंदर्य पुढे आहे: ६४१ = ५ × २^७ + १ असल्याने ५ × २^७ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), म्हणून ५^४ × २^२८ ची बाकी १ उरते; आणि ६४१ = ५^४ + २^४ हेही खरे असल्याने ५^४ च्या जागी −२^४ ठेवताच २^३२ ची बाकी −१ मिळते, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो.