कन्नड कागदावर सही घेऊन भावाची माफी कापली, जेलच्या शिक्षेविरुद्ध कोर्टात जाता येतं का?

धाकटा_खानापूर

नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून लिहितोय. आमचा थोरला भाऊ जन्मठेपेत आहे, कुठल्या जेलात ते इथं लिहीत नाही. गेल्या महिन्यात बराकीची झडती झाली आणि एका उशीच्या शिवणीत सिमकार्ड मिळालं. उशी कुणाची ते कुणालाच सांगता येईना, कारण सकाळी सगळ्यांची अंथरुणं एका कोपऱ्यात रचतात आणि रात्री हाताला येईल ते घेऊन झोपतात. तरी नाव ह्याचंच लागलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं, कन्नडमध्ये टाइप केलेला कागद पुढं ठेवला, सही कर म्हणाले. भावाची शाळा मराठीतली, तीही सातवीपर्यंतच, कन्नड बोलतो चांगलं पण वाचता येत नाही. केली सही. आता मुलाखतीला गेलो तेव्हा कळलं की त्यात गुन्हा कबूल असं लिहिलेलं, शिक्षेतून सूट म्हणून मिळालेले माफीचे दिवस कापले, मुलाखती कमी केल्या आणि पॅरोलचा अर्ज पण अडकणार म्हणायलेत. आई थकलीय, तिला एकदा त्याला घरात बघायचंय. त्याचं म्हणणं कुणी ऐकूनच घेतलं नाही हो, ह्यावर काही करता येतं का?

निपाणीकर

भावा, वाईट वाटलं वाचून. पण माझं ऐकशील तर जरा दमानं घे. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तू बाहेर कोर्टकचेरी करणार आणि आत रोज त्याच साहेबांच्या पुढ्यात उभं राहायचं त्याला. आमच्या ओळखीत एकानं तक्रार केली आणि लगेच दुसऱ्या जेलला बदली झाली, घरच्यांना भेटायला रात्रभर प्रवास. आधी साहेबांना भेटून विनंती करून बघ.

वकील_ताई_बेळगाव

निपाणीकर दादा, तुमची भीती खरी आहे, मी अशी प्रकरणं बघितलीत. पण गप्प बसलं तर ती नोंद शिक्षेच्या रजिस्टरात कायमची राहते आणि पुढं प्रत्येक पॅरोलला, मुदतपूर्व सुटकेच्या वेळी तीच फाइल उघडली जाते. जन्मठेपेच्या माणसाला हे परवडत नाही.

आणि ज्या बदलीची तुम्ही भीती सांगताय त्यावरच सुप्रीम कोर्ट बोललेलं आहे. सुनील बत्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन, डिसेंबर 1979 चा दुसरा निकाल, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. तिहारमधल्या एका कैद्याला वॉर्डरनं, म्हणजे जेलच्या पहारेकऱ्यानं, छळलं म्हणून दुसऱ्या कैद्यानं न्यायाधीशांना नुसतं पत्र लिहिलं आणि कोर्टानं तेच पत्र याचिका म्हणून घेतलं. त्यात सांगितलंय की एकांत कोठडी, सवलती काढून घेणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या जेलला पाठवणं, हे सेशन्स जज्जनी तपासल्याशिवाय करायचं नाही, आणि फारच तातडी असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवायचं. खानापूरच्या दादा, तुमचा पहिला प्रश्न हाच पाहिजे, सेशन्स जज्जना कळवलं होतं का? कधी, कुठल्या कागदानं?

ते शोधायला माहिती अधिकारात अर्ज टाका. झडतीचा पंचनामा, नोटीस, जबाब, शिक्षेचा हुकूम, सगळ्याच्या प्रती मागा. माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर 48 तासांत माहिती द्यायची अशी त्या कायद्यात तरतूद आहे, तसं अर्जात स्पष्ट लिहा.

मास्तर_निवृत्त

ताईंनी कायद्याचं सांगितलं, मी भाषेचं सांगतो कारण त्या कागदाबद्दल वाचून मला फार राग आलाय. आपल्याकडं बेळगाव भागात जमिनीचा उतारा कन्नड, नोटीस कन्नड, लोक शेजाऱ्याकडून वाचून घेतात आणि कसंतरी निभावतात. पण जेलात शेजारी कोण? समोर उभा असतो तोच वाचून सांगणार. घटनेचं कलम 350 बघा, राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत तक्रार-निवेदन द्यायचा प्रत्येकाला हक्क आहे. भावानं स्वतःच्या हातानं मराठीत लिहावं, सातवीचं मराठी पुरतं त्याला. काय घडलं तेवढंच, ओळीनं.

आणि कैद्याला कसले हक्क असं कुणी म्हटलं तर संझगिरींचा खटला सांगा. मुंबईच्या जेलात स्थानबद्ध, म्हणजे खटला न चालवता कैदेत, असताना त्यांनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं, सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना, तर 1966 च्या सुमाराला सुप्रीम कोर्टानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला.

वकील_ताई_बेळगाव

मास्तर, बरोबर. भाषेवर 1962 चा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र सरकार पण आहे, कारणं इंग्रजीत दिली आणि त्या माणसाला इंग्रजी येत नव्हतं म्हणून स्थानबद्धता रद्द झाली. तो स्थानबद्धतेचा खटला, हा शिक्षा भोगणाऱ्या कैद्याचा, त्यामुळं जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही, पण आरोप समजलाच नाही तर उत्तर काय देणार हे तत्त्व दोन्हीकडं तेच. मात्र ह्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात जाल तेव्हा मराठी विरुद्ध कन्नड असं मांडू नका, मूळ मुद्दा बाजूला पडेल. सिम कुणाचं हे हायकोर्ट सहसा नव्यानं तपासत बसत नाही. आरोप कळवला का, बाजू मांडू दिली का, कशाच्या आधारावर दोषी धरलं, ते बघतं.

धाकटा_खानापूर

ताई, मास्तर, लई आभार. वकिलाची फी मात्र आम्हाला झेपणार नाही. आणि ह्यासाठी बेंगळूरला जावं लागतंय काय?

वकील_ताई_बेळगाव

नाही हो, आपल्या जिल्ह्याला हायकोर्टाचं धारवाडचं खंडपीठ आहे, रिट म्हणजे सरकारी कारवाईविरुद्धची याचिका तिथंच दाखल होते. फीचं म्हणाल तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे ते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या नाहीतर 15100 ला फोन लावा. वकीलपत्रावर भावाची सही जेलच्या ऑफिसातूनच होऊन येते, त्याला वेळ जातो, म्हणून ते आधी पाठवा. कन्नड-मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागेल, ते वकील बघतील. आणि पुढच्या मुलाखतीत भावाला एवढंच विचारा, सही करताना खोलीत कोण कोण होतं आणि कागद कुणी मराठीत वाचून दाखवला का. नावं आठवतील तशी त्याच दिवशी लिहून काढा.