जुन्या मारुती ८०० मध्ये टर्बो इंजिन बसेल का?

मंडळी, बाबांची १९९२ ची ८०० आहे, बॉडी ठणठणीत पण इंजिन धूर मारतंय. मारुती फ्रॉन्क्सचं १.० बूस्टरजेट (टर्बो पेट्रोल इंजिन) टाकायचं फार मनात आहे, काय काय बदलावं लागेल?

रेंचवाला: दादा, ७९६ सीसीच्या त्या गाडीला जेमतेम ४० बीएचपीची सवय, त्यात तू १०० पीएस ताकद (बीएचपीसारखंच माप) नि १४८ एनएम टॉर्क घालणार. इंजिन एकवेळ बसवशील, पण डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) आहे म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप आला, सगळी वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक), वर इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करणारा) ग्रिलमागे जागा. गिअरबॉक्सपण त्याचाच घे आणि ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतचे दांडे) बनवून घे. सगळ्यात आधी ब्रेक बघ, १२ इंची चाकात मोठी डिस्क मावतच नाही!

कोल्हापूरकर: आरटीओचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, परवानगीशिवाय इंजिन बदललं तर आरसी, इन्शुरन्स दोन्ही गोत्यात. २०१९ ला सुप्रीम कोर्टानेपण मूळ स्पेसिफिकेशनबाहेरचे बदल चालणार नाहीत असं म्हटलंय. माझं ऐकशील तर आहे तेच इंजिन नीट रिबोअर (झिजलेले सिलिंडर आतून तासून) करून घे, पिस्टन-रिंगा नव्या टाक, एवढी हलकी गाडी तशीपण मस्त पळते.

रेंचवाला: रोज रस्त्यावर चालवायची असेल तर कोल्हापूरकरांशी सहमत.