शब्दचर्चा: ‘रुग्णांची भरती सुरू आहे’ म्हणजे नेमकं काय?

औषधांच्या क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे माणसांवर होणाऱ्या चाचण्यांची, माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं मराठीत आणण्याचं काम मी करते. एका शब्दावर अडले आहे, मदत हवी आहे.

माझ्या सासूबाईंना अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. त्या तपासणीला जातात त्या दवाखान्याच्या फलकावर कागद लागला होता: ‘मधुमेहाच्या रुग्णांची भरती सुरू आहे.’ घरी येऊन त्यांनी पिशवी भरली. चादर, थर्मास, दोन साड्या आणि रेशनकार्ड. भरती म्हणजे दाखल करून घेणार, आणि कागद लावलाय म्हणजे कुठल्यातरी योजनेत मोफत असणार. खरं तर कागद होता चाचणीत भाग घ्यायला लोक हवेत म्हणून; इंग्रजीत याला ‘रिक्रूटमेंट’ म्हणतात. तो कागद मी लिहिलेला नव्हता, पण ‘रिक्रूटमेंट’ला ‘भरती’ मीही आजवर बिनदिक्कत लिहीत आले. त्या पिशवीकडे बघून फार वाईट वाटलं. या अर्थाला मराठीत नीट शब्द कोणता?

प्रतिसाद, नागपूरहून

ताई, आमच्याकडे तर दुसरा अर्थच नाही. ‘बाबा भरती आहेत’ म्हणजे ते दवाखान्यात आहेत. पुण्याकडे ‘ॲडमिट केलं’, ‘दाखल केलं’ म्हणत असतील, विदर्भात ‘भरती केलं’ हेच रोजचं. उरली ती पोलीस भरती. या दोन्हींत घेणारा निवड करतो आणि येणारा आत जातो. चाचणीत उलट असायला हवं ना? ठरवायचं रुग्णाने.

प्रतिसाद

‘नोंदणी सुरू’ चालेल.

प्रतिसाद

‘नोंदणी’त एक अडचण आहे. चाचणीची स्वतःचीही नोंदणी होते. भारतातल्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, सीटीआरआय, जुलै २००७ पासून आहे आणि औषध नियंत्रकांनी जून २००९ पासून तिथली नोंद सक्तीची केली. तिथे प्रत्येक चाचणीपुढे ती अजून लोकांना घेते आहे की नाही, हेही लिहिलेलं असतं. त्यामुळे ‘चाचणीची नोंदणी झाली’ आणि ‘चाचणीत नोंदणी झाली’ ही दोन वाक्यं एकाच कागदावर आली की गोंधळ होतो. ‘सहभागी हवे आहेत’ असं सरळ लिहावं.

प्रतिसाद, संस्कृतचा निवृत्त शिक्षक

तुमच्या शब्दाबरोबर आणखी एक तपासून घ्या: ‘यादृच्छिक’. कोणाला नवं औषध आणि कोणाला जुनं, हे संगणक आपोआप ठरवतो, त्यासाठी हा शब्द वापरतात. यदृच्छा म्हणजे आपोआप, योगायोगाने घडणं. गीतेच्या चौथ्या अध्यायातला ‘यदृच्छालाभसंतुष्ट’ आठवा, न मागता जे पदरी पडेल त्यात समाधानी असलेला. शब्द निर्दोष आहे. पण मराठी कानाला त्यात ‘इच्छा’ ऐकू येते. माझ्या शेजाऱ्यांना मी अर्थ विचारला, तर म्हणाले, ‘ज्याच्या त्याच्या इच्छेनुसार.’ अगदी उलटा अर्थ! रुग्णाला वाटणार, औषध मी निवडायचं. ‘चिठ्ठी टाकून ठरवावं तसं’ म्हटलं की शाळेत न गेलेल्यालाही कळतं.

प्रतिसाद, नेत्ररुग्णालयात समुपदेशक

सर, यापेक्षा वाईट शब्द मी दर आठवड्याला वाचून दाखवते. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले लोक आमच्याकडे येतात. निम्मी भीती आधीच मनात असते. आणि कागदावर लिहिलेलं असतं, ‘ही दुहेरी अंध चाचणी आहे.’ एका आजोबांनी माझा हात घट्ट धरला. ‘दोन्ही डोळे जातील का, बाई?’ त्या दिवसापासून मी तो शब्द उच्चारत नाही. ‘तुम्हाला कोणतं औषध मिळतंय हे चाचणी संपेपर्यंत तुम्हालाही माहीत नसेल आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही’ असं सांगते. डोळ्यांच्या संशोधनात इंग्रजीतसुद्धा ‘ब्लाइंड’ टाळून ‘मास्क्ड’ म्हणण्याची पद्धत आहे. आपण मात्र शब्दाला शब्द ठेवून मोकळे होतो.

प्रतिसाद

प्लासिबोला ‘छद्मौषध’ कसं वाटतं?

प्रतिसाद, वरचीच समुपदेशक

मला नाही पटत. छद्म म्हणजे कपट. आपल्याला ते मिळू शकतं हे रुग्णाला आधीच सांगितलेलं असतं, मग कपट कुठे? ‘दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी’ लांब आहे, पण खरं आहे.

प्रतिसाद, आचारनीती समितीचा सदस्य

चाचणीत माणसांचं हित जपलं जातंय का हे पाहणाऱ्या एका समितीवर मी सामान्य नागरिक म्हणून बसतो. नवी औषधं आणि त्यांच्या चाचण्या यांबद्दलच्या २०१९च्या सरकारी नियमांनुसार समितीत किमान सात जण लागतात आणि त्यात माझ्यासारखा वैद्यकाबाहेरचा एक तरी असावाच लागतो. संमतीपत्रं मी शेजारच्या किराणा दुकानदाराच्या डोळ्यांनी वाचतो, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, ‘जुनाट आजार’. ‘क्रॉनिक’साठी विश्वकोशात ‘चिरकारी’ सापडतो, वर्तमानपत्रांत ‘दीर्घकालीन’, बोलण्यात ‘जुनं दुखणं’. मूत्रपिंडाचा विकार तीन महिन्यांहून अधिक टिकला की डॉक्टरांच्या लेखी तो क्रॉनिक. पण चार महिन्यांपूर्वी निदान झालेल्या बाईला ‘तुमचा आजार जुनाट आहे का?’ विचारलं तर ती ‘नाही’च म्हणणार. जुनाट म्हणजे तिच्या लेखी आजीची ट्रंक. तिथे शब्दाच्या जागी महिने लिहायला हवेत.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. चाचणी ज्याच्यावर होते त्या माणसाला इंग्रजीत ‘सब्जेक्ट’ म्हणत आले आहेत; एका भाषांतरात त्याचं ‘विषय’ झालं होतं: ‘विषयाने उपाशीपोटी यावे.’ इंग्रजीतही हा शब्द मागे पडतो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०००च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात ‘ह्यूमन सब्जेक्ट्स’ होतं, २००६च्या आवृत्तीत ‘ह्यूमन पार्टिसिपंट्स’ झालं. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणारा जागतिक हेलसिंकी जाहीरनामा १९६४चा, त्यातही २०२४मध्ये हाच बदल झाला. २०१९च्या नियमांत मात्र ‘ट्रायल सब्जेक्ट’ अजून आहेच. मराठीत आपल्याला ‘सहभागी’ आयता मिळाला आहे, तो वापरावा. ‘स्वयंसेवक’ मात्र नको. २०२०मध्ये पुण्यात कोविशिल्डच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा तो ठीक होता, कारण निरोगी माणसं आपणहून पुढे आली होती. वीस वर्षं दमा सोसणाऱ्याला स्वयंसेवक म्हणणं बरं नव्हे. तो सेवा करायला आलेला नसतो, आराम पडेल या आशेने आलेला असतो.

प्रतिसाद, दस्तलेखक

मी तहसील कचेरीबाहेर बसतो, औषधातलं काही कळत नाही. पण ‘माहितीपूर्ण संमती’ हे मला मराठी वाटत नाही. माहिती कागदात असून काय उपयोग, ती माणसात उतरली पाहिजे. आमच्या दस्तांत पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य आहे: ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देत आहे.’ राजीखुशी म्हणजे जबरदस्ती नाही. अक्कलहुशारी म्हणजे समजून. तुम्हाला हवं ते सगळं त्यात आहे.

प्रतिसाद, समिती सदस्य

वा! हे वाक्य इतक्या वेळा ऐकूनही माझ्या कधी ध्यानात आलं नाही. नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्याने तयार झालेल्या औषधी द्रव्याच्या, चाचणीत दुर्बल गटातल्या सहभागींच्या संमतीचं दृकश्राव्य चित्रण करावं लागतं, तशी काही चित्रणं मी पाहिली आहेत. ‘समजलं का?’ याला बहुतेकांचं उत्तर एकच: ‘हो, डॉक्टर म्हणतील तसं.’ राजीखुशी आहे, पण अक्कलहुशारीला कोणी विचारलेलंच नाही. तुमच्या जोडशब्दामुळे नेमकं काय कमी पडतंय ते बोट ठेवून दाखवता येईल.

एका ठिकाणी मात्र सांभाळावं लागेल. दस्त लिहून दिला की दिला, तो मागे घेता येत नाही. चाचणीतून सहभागी केव्हाही बाहेर पडू शकतो, कारण न सांगता, आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. खेड्यात ‘लिहून दिलंय’ हे शब्द फार जड असतात. सात-बाराची भाषा वाचली की माणूस आयुष्यभर बांधला गेलो असंच समजेल.

प्रतिसाद, दस्तलेखक

बरोबर. मग ‘लिहून देत आहे’ काढा, ‘सांगत आहे’ ठेवा. सांगितलेलं बदलता येतं.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. फलकासाठी मी असं लिहिलं आहे:

‘मधुमेहाच्या एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे. त्यात भाग घेण्यासाठी मधुमेह असलेल्या व्यक्ती हव्या आहेत. यासाठी दवाखान्यात राहावे लागत नाही. नवे औषध मिळेल की सध्याचे, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरेल. भाग घेणे न घेणे तुमच्या मर्जीवर आहे आणि मधेच केव्हाही थांबता येते.’

संमतीपत्राची सुरुवात ‘मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने सांगत आहे की’ अशी केली आहे. समितीकडे पाठवायचं आहे, ते काय म्हणतात बघू.

काल रात्री सासूबाईंना दोन्ही वाचून दाखवलं. चष्मा काढून त्या शांतपणे म्हणाल्या, ‘म्हणजे मला ठेवून घेणार नाहीत, नवं औषध मिळेलच असं नाही, आणि मी सोडलं तरी माझ्या गोळ्या बंद व्हायच्या नाहीत. असंच ना?’ असंच. मग पुढच्या पानावर ‘प्रतिकूल घटना’ आली आणि तिथे थांबल्या. ‘घटना म्हणजे अपघात का ग?’

‘दुष्परिणाम’ लिहिता येत नाही, कारण तो औषधामुळेच झाला असं आधीच ठरवून टाकल्यासारखं होतं. चाचणीच्या काळात जे काही बिनसेल ते सगळं यात येतं, औषधाशी संबंध असो वा नसो. ‘त्रास’ जवळचा वाटतो, पण रक्त तपासल्यावरच कळणाऱ्या बिघाडाला त्रास म्हणता येईल का? कोणाकडे याहून चांगला शब्द असेल तर सांगा, कागद सोमवारी पाठवायचा आहे.