प्रतिसाद: ठाणे स्टेशन, १८५३ नंतरचं

वरच्या चर्चेत ठाणे स्टेशनचा इतिहास १६ एप्रिल १८५३ च्या देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीपाशीच थांबला, म्हणून थोडी भर घालतो. बोरीबंदरहून पहिली गाडी आली तेव्हा ठाणे शेवटचं स्टेशन होतं, पण ते जेमतेम वर्षभर. १८५४ मध्ये खाडीवरून रूळ कल्याणला पोचले.

मला त्याहून जवळचा वाटतो तो ठाण्यापुढच्या डोंगरातला पारसिकचा बोगदा. त्याआधी सगळ्या गाड्या डोंगराला वळसा घालून खाडीच्या कडेने मुंब्र्यावरून जायच्या. १९१६ मध्ये सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा झाला आणि फास्ट गाड्यांची वाट सरळ झाली. लहानपणी ठाणे सुटलं की आम्ही खिडकीशी सरसावायचो. एकदम काळोख, कानात दडा बसायचा, गार ओलसर वारा तोंडावर यायचा आणि डब्यातली सगळी पोरं एका सुरात ओरडायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाली आणि फास्ट लोकल बोगद्यातून जायच्या बंद झाल्या. आता तिथून मेल-एक्स्प्रेस जातात. सोय झाली हे खरंच, तरी त्या काळोखाची आठवण येते.

सोयींबद्दल बोलायचं तर २००४ मध्ये सुरू झालेली ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकलची लाइन, फार मोलाची. नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून थेट वाशी! त्याआधी रेल्वेने जायचं तर कुर्ल्याला उतरून गाडी बदलावी लागे. पाच नंबरचा प्लॅटफॉर्मही २०२४ मध्ये रुंद केला, संध्याकाळच्या गर्दीत ते दोन-तीन मीटर चांगलेच जाणवतात.