ग्रंथालयातील वाचून दाखवणारा संगणक मुले वापरत का नाहीत?

प्रश्न (शालेय ग्रंथपाल): अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही एका संगणकावर मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली बसवली आहे, परंतु वर्षभरात ती दोघा-तिघांनीच उघडली. शिवाय स्कॅन करून ठेवलेली बरीचशी पुस्तके ती वाचतच नाही. आमचे नेमके काय चुकते आहे?

विशेष शिक्षिका: स्कॅन केलेले पान म्हणजे संगणकाच्या लेखी नुसते चित्र असते, ओसीआर या अक्षर-ओळख प्रणालीने त्यातील अक्षरे ओळखून मजकूर तयार केल्याखेरीज आवाज उमटणार नाही, आणि देवनागरीत जोडाक्षरांपाशी चुका राहतात म्हणून तो मजकूर कोणीतरी तपासावाच लागतो. युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षर-संकेतप्रणाली येण्यापूर्वीच्या फॉन्टमधील फाइलींची तऱ्हा तर आणखी वेगळी: पडद्यावर शुद्ध मराठी दिसते, पण आत भलतीच चिन्हे साठवलेली असल्यामुळे प्रणाली काहीतरी अगम्य बडबडते. त्यामुळे प्रकाशकाकडे ईपब (ई-पुस्तकाच्या एका प्रकारातील) फाइल मागून पाहा. तिच्यात अक्षरे मोठी करता येतात, ओळींमधील अंतर वाढवता येते आणि योग्य वाचक-प्रणालीत उच्चारला जाणारा शब्द ठळक होत जातो. डिस्लेक्सिया (वाचनाशी संबंधित अध्ययन अक्षमता) असलेल्या मुलाला डोळा आणि कान यांची अशी जोड मिळाली की अक्षरे सोडवण्यात खर्च होणारी शक्ती अर्थाकडे वळू शकते.

एक पालक: माझ्या मुलीला डिस्लेक्सिया आहे आणि ती त्या संगणकाजवळ का जात नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. तो कोपऱ्यात आहे, त्यावर पाटी आहे आणि त्याच्यापुढे बसलेले मूल ‘त्यांच्यातले’ ठरते. हीच सोय सर्व संगणकांवर ठेवा, हेडफोन मागितल्याशिवाय हाताशी येतील असे ठेवा आणि कृपा करून अक्षमतेचे प्रमाणपत्र विचारू नका, कारण निदानाला वेळ लागतो आणि तोवर मुलाचे वाचन थांबलेले असते.

ग्रंथपाल-प्रशिक्षक: प्रताधिकाराच्या (कॉपीराइटच्या) धास्तीने अनेक ग्रंथालये अशा मुलांना वाचता येईल अशी सुलभ प्रत तयारच करत नाहीत. अशा प्रतींना मुभा देणारा 2013 सालचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार, जो 2016 पासून अमलात आहे, केवळ दृष्टिहीनांपुरता नसून छापील मजकूर वाचण्यात अडथळा आणणाऱ्या अक्षमतांनाही लागू आहे. मात्र प्रत कोणी व कोणत्या अटींवर करावी हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो, तेवढे आधी पाहून घ्यावे. ‘डिस्लेक्सियासाठी खास’ म्हणून मिळणाऱ्या फॉन्टवर मात्र फार विसंबू नये. अक्षरांमधील मोकळी जागा अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता: पाटी आजच काढली. प्रमाणपत्राची अट आमच्याच नियमावलीत आहे. ती रद्द करण्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांपुढे ठेवतो. फाइली तपासण्यास मात्र मनुष्यबळ अपुरे आहे. वरच्या वर्गातील मुलांकडून हे काम कोणी करून घेतले असल्यास पद्धत कळवावी.