डोनर स्त्रीबीजाने आयव्हीएफ : औषधं किती दिवस, आणि गडबड कुठे होते?

चांदणवेल :
डोनर स्त्रीबीज घेऊन आयव्हीएफ करायचं ठरलं आहे. आधी हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीने गर्भपिशवी आतून बघणं), मग गोळ्या, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं आहे. बीज दुसरीचं, मग माझ्या शरीराचं काम नक्की काय? ताजी बीजं घ्यावीत की फ्रोझन? आणि पुढे गरोदरपणात काही वेगळं असतं का?

अस्तर७मिमी :
ताई, तुमचं काम म्हणजे गर्भपिशवीचं अस्तर तयार करणं आणि ते गर्भाच्या वयाशी जुळवणं. बीजं वाढवायची इंजेक्शनं डोनरला, एग पिकअपही (बीजं बाहेर काढणं) तिचंच.

हिस्टेरोस्कोपी टाळू नका. पॉलिप (अस्तरावरची मऊ गाठ) असेल तर तेव्हाच निघतो. नळीत पाणी साठलेलं असेल, म्हणजे हायड्रोसालपिंक्स, तर ती नळी आधी काढावी किंवा क्लिप करावी लागते. ते पाणी गर्भपिशवीत उतरत राहतं आणि चांगला गर्भसुद्धा रुजण्याची शक्यता बरीच कमी होते.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून इस्ट्रोजेन (अस्तर जाड करणारं संप्रेरक) सुरू होतं, बहुतेकदा इस्ट्राडायॉल व्हॅलेरेट २ मिग्रॅ दिवसातून तीनदा. पाळी अजून येत असेल तर तुमचं स्वतःचं बीज मध्येच फुटू नये म्हणून आधी एक इंजेक्शन देतात. पाळी गेलेली असेल तर ते लागत नाही. १०-१२ दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. अस्तर ७ मिमी किंवा जास्त आणि तीन रेघांचं दिसलं की पुढे जायचं. ६ वर अडकलं तरी लगेच सायकल रद्द होत नाही, गोळ्या आठवडाभर लांबवता येतात.

अस्तर तयार झालं की प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तराला गर्भ स्वीकारायला लावणारं संप्रेरक, सुरू होतं. इस्ट्रोजेनचे दिवस कमीजास्त झाले तर चालतं, प्रोजेस्टेरॉनचे नाही. प्रोजेस्टेरॉन सुरू झाल्यावर अस्तर गर्भाला स्वीकारतं ते थोडेच दिवस. म्हणून ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच दिवस वाढवलेला गर्भ, पूर्ण पाच दिवस प्रोजेस्टेरॉन झाल्यावर ठेवतात : सोमवारी सकाळी पहिला डोस, तर शनिवारी ट्रान्सफर (गर्भ पिशवीत ठेवणं). तीन दिवसांचा गर्भ असेल तर गुरुवारी. पहिला डोस कोणत्या तारखेला, किती वाजता, हे दवाखान्यातून लिहूनच घ्या. "उद्यापासून सुरू करा" असं फोनवर ऐकून एका दिवसाची चूक सहज होते, आणि मग ट्रान्सफर पुढे ढकलावी लागते.

प्रोजेस्टेरॉनच्या योनीत ठेवायच्या गोळ्यांचा पांढरा चोथा नंतर बाहेर येतो. औषध वाया गेलं असं समजून दुसरी गोळी ठेवू नका. तेलातलं इंजेक्शन असेल तर कुपी तळहातात धरून कोमट करा, तेल पातळ होतं. रोज बाजू बदला, नाहीतर गाठी धरतात.

काचनळी :
ताजी की फ्रोझन, याबद्दल. ताज्यात डोनरची आणि तुमची पाळी जुळवावी लागते, आणि तिची सायकल फसली तर तुमचीही थांबते. फ्रोझनमध्ये ही ओढाताण नाही, पण बीजं मोजून मिळतात आणि वितळताना काही जातात. फ्रोझन बीजांना इक्सीच (एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडणं) करतात, कारण गोठवण्याआधी भोवतालच्या पेशी काढलेल्या असतात.

आकडा प्रत्येक पायरीला घटतो, हे आधीच मनाशी धरा. ८ बीजं वितळवली तर ६-७ टिकतात, ५ च्या आसपास फलित होतात आणि पाचव्या दिवशी २-३ ब्लास्टोसिस्ट हाती लागले तर चांगलं म्हणायचं. शुक्राणूंचा दर्जा कमी असेल तर तिसऱ्या दिवसानंतरची गळती वाढते. तेव्हा पतींची वीर्यतपासणी जुनी असेल तर नव्याने करा. बीज तरुण आहे म्हणून ती बाजू दुर्लक्षित राहते, हे मला पटत नाही.

आणि एकच गर्भ ठेवा. रुजण्याची शक्यता डोनरच्या वयावर ठरते, तुमच्या नाही, त्यामुळे दोन ठेवले तर जुळी राहण्याचा धोका खरा आहे.

चांदणवेल :
मनापासून आभार. बीटा (गरोदरपणाची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली की औषधं बंद करायची ना?

अस्तर७मिमी :
अजिबात नाही! ही चूक सगळ्यात महागात पडते. अशा सायकलमध्ये तुमचं बीज फुटलेलंच नसतं, त्यामुळे अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन येत नाही. वार (प्लॅसेंटा) ते काम हाती घेईपर्यंत सगळा भार औषधांवर, म्हणून साधारण १० ते १२ आठवड्यांपर्यंत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही चालू ठेवतात. थोडं स्पॉटिंग दिसलं तरी आपल्या मनाने थांबवू नका, आधी फोन करा.

बीटा ट्रान्सफरनंतर ९ ते ११ दिवसांनी, मग ४८ तासांनी पुन्हा. दुसरा आकडा निदान दीडपट हवा. छाती दुखणं, झोप येणं, बद्धकोष्ठता ही लक्षणं प्रोजेस्टेरॉननेही येतात, त्यावरून काही ठरवू नका. ट्रान्सफरनंतर अंथरुणावर पडून राहिल्याने फायदा होत नाही.

काचनळी :
गरोदरपणातल्या दोन गोष्टी. डबल मार्करच्या (डाऊन सिंड्रोमचा धोका सांगणारी रक्ततपासणी) फॉर्मवर वयाच्या रकान्यात बीज काढलं तेव्हाचं डोनरचं वय द्यायचं. तुमचं टाकलं तर डाऊन सिंड्रोमचा धोका विनाकारण जास्त दिसतो. एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाचे गुणसूत्रदोष बघणारी तपासणी) करणार असाल तर लॅबला डोनर बीज आहे हे आधी सांगा, काही चाचण्या अशा गर्भाला चालत नाहीत.

दुसरं, डोनर बीजाच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचं, प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण जास्त असतं. १२ आठवड्यांच्या सुमारास कमी डोसची अ‍ॅस्पिरिन द्यायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. २० आठवड्यांनंतर डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे ठिपके आले किंवा चेहरा सुजला तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.