'रेस कंडिशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. 'रेस कंडिशन'पाशी अडले. 'शर्यत-स्थिती' असं लिहून वर्गात वाचून दाखवलं, तर एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग जिंकतं कोण?" मला उत्तर देता आलं नाही. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद

ताई, त्या मुलाने नेमकं बोट ठेवलंय. शर्यत म्हटलं की बैलगाडे डोळ्यांसमोर येतात. इथे पळत कुणीच नसतं. दोन प्रोसेस, म्हणजे चालू असलेले दोन प्रोग्राम, आपापलं काम करत असतात, एकीला दुसरीचा पत्ताही नसतो. कामं मागेपुढे झाली की बिघडतं. 'रेस' हा शब्द सर्किटवाल्यांकडचा, संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हफमन यांच्या १९५४ च्या प्रबंधात तो आहे. तिथे दोन संकेतांपैकी आधी कोणता पोचतो यावर निकाल ठरायचा, म्हणून 'रेस' शोभतं.

जाता जाता: शर्त, शर्थ आणि शर्यत हे तिन्ही एकाच अरबी 'शर्त'मधून आलेत. त्यामुळे 'कंडिशन'साठी 'अट' किंवा 'शर्त' तर मुळीच नको. इथे तो अर्थच नाही.

फाइलसिस्टिममधलं माझं आवडतं उदाहरण सांगतो. 'आंबा' आणि 'फणस' असे दोन शेजारी फोल्डर (म्हणजेच डिरेक्टरी) धरा. एक प्रोसेस म्हणते, आंबा फणसात हलव. त्याच वेळी दुसरी म्हणते, फणस आंब्यात हलव. दोघीही आधी तपासतात: जिथे हलवायचं ते ठिकाण हलवायच्या फोल्डरच्याच पोटात नाही ना? दोघींनाही 'नाही' असं उत्तर मिळतं, आणि त्या क्षणी ते खरंच असतं. मग दोघी हलवतात. आता आंबा फणसाच्या पोटात, फणस आंब्याच्या पोटात, आणि दोन्ही फोल्डरांच्या मूळ झाडापासून तुटलेले. वरून शोधत आलात तर तिथे पोचायला वाटच नाही.

लिनक्स हे होऊ देत नाही. तिथे प्रत्येक फाइलसिस्टिममागे याच कामासाठी एक म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकीलाच धरता येणारं लॉक, आहे. फोल्डर एका डिरेक्टरीतून दुसरीत न्यायचा तर आधी तो धरायचा, मग तपासायचं, हलवायचं आणि शेवटी सोडायचं. प्रोसेसचा वेग वाढवून इथे काही साधत नाही. तपासणं आणि करणं यांच्यामधली फट बुजवावी लागते. म्हणून दोषाला मी क्रमदोष म्हणेन, त्या जागेला फट, आणि दुरुस्तीला फट बुजवणं.

प्रतिसाद

क्रमदोष छान आहे, पण मुलाखतीत मुलांना 'रेस कंडिशन'च विचारतील. पहिल्यांदा दोन्ही द्या, पुढे मराठी चालवा. आणि 'डेटा रेस'लाही क्रमदोष म्हणू नका. मेमरीतल्या एकाच जागी दोघांनी एकाच वेळी बेबंदपणे हात घालणं, त्यातल्या निदान एकाने लिहिणं, ही वेगळी गोष्ट आहे. वरच्या फोल्डरच्या उदाहरणात एकेका पायरीला लॉक लावलं, म्हणजे डेटा रेस उरली नाही, तरी फट राहतेच.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. 'लॉक'ला मी 'कुलूप' लिहिलंय. चालेल?

प्रतिसाद

ताई, मी कडी म्हणेन. कुलूप बाहेरून लावतात, घर सोडून जाताना. कडी आतला माणूस लावतो आणि तोच काढतो, बाहेरचे थांबतात. म्युटेक्सचं वागणं हेच आहे. शिवाय 'डेडलॉक'ला कोंडी हा रोजच्या वापरातला शब्द तयारच आहे. दोघांनी एकेक कडी धरून दुसरीची वाट पाहिली की कोंडी. ती टाळायला कड्या धरण्याचा क्रम ठरलेला असतो: झाडात वरची डिरेक्टरी आधी, तिच्या पोटातली नंतर.

आणखी एक शब्द सुचवतो, खातरजमा. डेंट्री कॅशमध्ये, म्हणजे फाइल-फोल्डरांची नावं लिनक्स हाताशी ठेवतं तिथे, नाव शोधताना सगळ्यांना अडवणारी मोठी कडी लावत नाहीत. कुठलंही नाव बदललं किंवा हलवलं की बदलणारा, नामांतराचा एक क्रमांक असतो, तो आधी टिपून ठेवतात. नाव सापडलं तर प्रश्न मिटला. नाही सापडलं तर क्रमांक पुन्हा बघतात. मधल्या काळात तो बदलला असेल, तर कुणीतरी कुठलं तरी नाव हलवलंय, आणि शोधणारी प्रोसेस त्या गडबडीत नावांच्या भलत्याच रांगेत गेली असण्याची शक्यता आहे. म्हणून पुन्हा शोधतात. 'आहे' हे उत्तर लगेच मानायचं, 'नाही'ची मात्र खातरजमा करायची.

मूळ प्रश्नकर्ती

सोमवारी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावते. आंबा-फणस त्यालाच काढायला लावीन.